‘ही तं कुरडईच आहे!’ : बोदवडच्या कढईतलं कोरियन जापचे

आठ दिवस वाट पाहिल्यावर माझं पाकीट बोदवडला पोचलं. आत राखाडी, कडक, काचेच्या तारांसारखे दिसणारे नूडल्स. कोरियन लोक यांना डांगम्यॉन म्हणतात, बाकी जग ग्लास नूडल्स म्हणतं. यांच्यापासून जापचे नावाचा पदार्थ होतो. के-ड्रामा बघणाऱ्यांना तो तोंडपाठ असेल. कुणाचा वाढदिवस असो, सण असो, नाहीतर सासूबाई पहिल्यांदा घरी येणार असोत, टेबलावर चमकदार नूडल्सचं एक ताट असतंच. तेच हे.

मी नूडल्स उकळत्या पाण्यात सोडले. शेजारच्या शेगडीवर मम्मी पोळ्या भाजत होती. तिने वाकून माझ्या पातेल्यात पाहिलं आणि सहज म्हणाली, “ही तं कुरडईच आहे!”

मला राग आला. अर्ध्या किलोच्या पाकिटाला घरपोच ४१० रुपये मोजले होते, वर आठवड्याची वाट. आणि ही म्हणते कुरडई! पण नंतर मी त्यावर वाचत गेले, तीन वेळा जापचे करून पाहिलं, दोनदा बिघडवलं. आता मान्य करते, की मम्मी बरीचशी बरोबर होती. कुठे बरोबर होती आणि कुठे नव्हती, हे नीट कळलं तर जापचे घरी जमतं. शिवाय आपल्या वाळवणाकडे बघायची नजरही थोडी बदलते. हा लेख त्या दोन्हींबद्दल आहे.

दुकानातलं ‘कोरियन’

तुमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात जा आणि ‘कोरियन’ लिहिलेलं काहीही मागा. हातात लाल पाकीट येईल. मॅगी, नॉर, निसिन या सगळ्यांनी गेल्या काही वर्षांत कोरियन चवीचे नूडल्स बाजारात आणले. चिप्स आले, मसाला शेंगदाणे आले. सगळ्यांचा रंग एकच आणि दावाही एकच : तिखट!

या तिखटाची साथ जगभर आहे. सामयांग कंपनीचे बुलडाक नूडल्स २०१२ साली आले आणि ते खाऊन घाम पुसण्याचे व्हिडिओ हाच एक खेळ झाला. जून २०२४ मध्ये डेन्मार्कच्या अन्न प्रशासनाने त्यातले तीन प्रकार अति तिखट म्हणून बाजारातून परत मागवले. पुढच्याच महिन्यात त्यातल्या दोघांवरची बंदी उठवलीही. पण तोवर जाहिरात फुकटात झाली होती.

आता गंमत बघा. जापचेमध्ये मिरची नसते. हिरवी नाही, लाल नाही. थोडी मिरपूड, बस. त्याची चव खारट-गोड असते आणि वर भाजलेल्या तिळाचा वास. म्हणजे कोरियात सणाला जे खातात ते तिखट नाही आणि आपल्याकडे कोरियाच्या नावावर जे विकतात ते फक्त तिखट. हे चुकून झालेलं नाही. भारतात, त्यातही आपल्यासारख्या शेवभाजीवर वाढलेल्या भागात, तिखट खपतं हे कंपन्यांना पक्कं ठाऊक आहे. त्यांनी कोरियाची आपल्याला आवडेल तेवढीच बाजू पाकिटात भरली.

माझं पहिलं जापचे म्हणूनच बिघडलं. डोक्यात ‘कोरियन म्हणजे तिखट’ बसलेलं. मी चमचाभर लाल तिखट आणि सवयीने थोडा काळा मसाला टाकला. झालं काय, तर रस्सा नसलेली शेवभाजी. खाल्ली सगळ्यांनी. पण ते जापचे नव्हतं.

मागणी मोबाइलने आणली, पुरवठा कारखान्याने

कोरिया आपल्या घरात शिरला तो टप्प्याटप्प्याने. मणिपूरमध्ये २००० साली एका बंडखोर संघटनेने हिंदी सिनेमांवर बंदी घातली आणि ती पोकळी कोरियन वाहिन्यांनी भरली. आपल्याकडे तो खूप उशिरा आला. २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला, २०२०च्या लॉकडाऊनमध्ये वेळच वेळ होता आणि मुख्य म्हणजे मालिका हिंदीत डब होऊन येऊ लागल्या. २०२१च्या सप्टेंबरमध्ये ‘स्क्विड गेम’ आला तेव्हा आमच्या कॉलेजच्या कट्ट्यावर दुसरा विषय नव्हता. त्याच महिन्यात ऑक्सफर्डच्या इंग्रजी शब्दकोशाने २६ कोरियन शब्द एकदम आत घेतले. त्यात बुलगोगी होतं, किंबाप होतं आणि आपलं जापचेही होतं.

पण मालिका दिसणं आणि पदार्थ मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. महाराष्ट्रात खरं कोरियन सामान कुठे मिळतं? पुण्यात. कारण रांजणगावला एलजीचा कारखाना आहे आणि तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ साली केला. कोरियन इंजिनीअर, त्यांची कुटुंबं तिथे राहतात. त्यांना त्यांचं जेवण लागतं, म्हणून हॉटेलं निघाली, किराणा निघाला. आपण पुण्याला जाऊन जे ‘ऑथेंटिक’ खातो ते खरं तर त्यांच्या डब्याची सोय म्हणून आलेलं आहे.

बोदवडला मोबाइल पोचला, कारखाना नाही. भूक तयार आहे, पण दुकान नाही. दहा मिनिटांत किराणा आणून देणारी ॲप आपल्या पिनकोडवर हात वर करतात. उरतं ते कुरिअर. अर्थात एक दिलासा आहे : २२ सप्टेंबर २०२५ पासून नूडल्स आणि सॉस या दोन्हींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. पण चारशेच्या पाकिटात खरा भार वाहतुकीचा आणि ‘इम्पोर्टेड’ या शब्दाचा असतो. तो तेवढ्याने हलका होत नाही.

मग आपल्यासारख्या तालुक्याच्या गावातल्या मुलामुलींपुढे दोनच रस्ते राहतात. एकतर लाल पाकिटावर समाधान मानायचं, नाहीतर त्या पदार्थाची चव मुळात कशातून येते हे समजून घ्यायचं. दुसरा रस्ता लांबचा आहे, पण स्वस्त पडतो.

‘ऑथेंटिक’ म्हणजे कुठल्या सालचं?

हा शब्द जरा तपासून बघू. जापचे हे नाव दोन शब्दांचं आहे. जाप म्हणजे मिसळलेलं, चे म्हणजे भाजी. थोडक्यात, मिसळभाजी! नावात नूडल्स कुठेच नाहीत, कारण आधी त्यात नूडल्स नव्हतेच. कोरियात ग्वांगहेगुन हा राजा १६०८ ते १६२३ या काळात होऊन गेला. त्याच्या दरबारातलं हे ताट, निव्वळ भाज्यांचं. डांगम्यॉनमधला ‘डांग’ म्हणजे चीनचं तांग घराणं, म्हणजे नूडल्सच्या नावातच ते चीनकडून आल्याची कबुली आहे. कोरियात डांगम्यॉनचा कारखाना १९१९ साली सारिवॉन या गावात निघाला आणि त्यानंतर हे नूडल्स हळूहळू जापचेत शिरले. ज्या रताळ्याच्या स्टार्चपासून हे नूडल्स होतात, ते रताळं कोरियात १७६३ मध्ये जपानकडच्या त्सुशिमा बेटावरून आलं, आणि जपानला ते अमेरिका खंडातून फिरत फिरत आलेलं.

म्हणजे आज ज्याला आपण शंभर टक्के कोरियन म्हणतो, त्यातला मुख्य जिन्नस बाहेरून आलेला आहे आणि पदार्थाचं हे रूप शंभरेक वर्षांचं आहे. आपल्या मिरचीचंही तेच. ती पोर्तुगीजांबरोबर आली आणि आज तिच्याशिवाय खान्देश ओळखू येत नाही.

मग ऑथेंटिक असं काही नसतंच का? असतं. भरिताचं उदाहरण घ्या. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. उद्या कुणी सोलमध्ये गॅसवर वांगं भाजलं, मिक्सरमधून काढलं, वर मोझरेला किसलं आणि ‘खान्देशी भरीत’ म्हणून वाढलं, तर आपण काय म्हणू? वांगं तिथलं असलं तरी चालेल, पण ते काड्यांच्या जाळावर भाजलेलं हवं, बडगीत ठेचलेलं हवं, मिरची भाजलेली हवी. जिन्नस बदलला तर आपण सोडून देतो. कृती बदलली की मात्र आपल्याला लगेच कळतं. जापचेलाही हीच फूटपट्टी लावायची.

आणि शाकाहारी घरातल्यांनी मनात किंतू ठेवू नका. जापचेमध्ये बऱ्याचदा गोमांस असतं हे खरं, पण कोरियातल्या बौद्ध मठांची एक जुनी शाकाहारी पाकपरंपरा आहे. त्यात मांस तर नसतंच, लसूण आणि कांद्याची पातही वर्ज्य असते. आपल्याकडच्या जैन स्वयंपाकाशी तिचं छान जुळेल. बिनमांसाचं जापचे म्हणजे नकली जापचे, असं अजिबात नाही.

रताळ्याची तार आणि गव्हाचा चीक

आता मम्मीच्या मुद्द्याकडे येते. कुरडई कशी करतात हे आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलंय, केलंय फार कमी जणांनी. गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं. मग ते वाटून, पिळून चीक काढायचा. रात्रभर चीक खाली बसू द्यायचा आणि सकाळी वर आलेलं पाणी अलगद ओतून टाकायचं. आधणात मीठ-हिंग घालून चीक शिजवायचा, हात भाजेस्तोवर घोटायचा आणि गरम असतानाच सोऱ्यातून कपड्यावर पाडायचा. मग एप्रिल-मेचं ऊन.

यातला चीक म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, गव्हाचा स्टार्च. ग्लास नूडल्सचीही रीत हीच : स्टार्च वेगळा करा, पाण्यात शिजवा, बारीक छिद्रांतून काढा, वाळवा. चीनमध्ये तो मुगाचा असतो, कोरियात रताळ्याचा. फालुद्यातली शेवही याच घराण्यातली. मक्याचा स्टार्च शिजवून गार पाण्यात पाडलेली ती तार, फक्त न वाळवलेली.

पारदर्शकपणाचं गुपितही तुम्ही दर एकादशीला बघता. भिजवलेला साबुदाणा पांढरा असतो, कढईत वाफ लागली की काचेसारखा होतो. स्टार्चचे कण गरम पाण्याने फुगतात, फुटतात आणि त्यांच्यातून उजेड आरपार जायला लागतो. गार झाले की तेच कण पुन्हा घट्ट होतात. म्हणून खिचडी गार झाल्यावर चिवट होते आणि फ्रिजमधलं जापचे पांढरट, ताठ होतं. घाबरू नका, परत गरम केलं की ते पूर्ववत होतं.

फरक येतो तो धान्यात आणि कंदात. रताळ्याच्या स्टार्चची तार रबरासारखी ताणली जाते, चावताना उसळी मारते. गव्हाच्या चिकाची तार मऊ, पांढुरकी असते आणि लवकर तुटते. शिवाय तीन दिवस भिजल्यामुळे कुरडईला हलका आंबूस वास असतो आणि मीठ आधीच घातलेलं असतं. म्हणून मम्मी बरोबर होती, पण पूर्ण नाही. कुरडई ही डांगम्यॉनची सख्खी बहीण नाही. मावसबहीण म्हणा.

चव नेमकी कुठे बिघडते?

तीन ठिकाणी. तिन्ही ठिकाणी मी ठेचकाळले आहे, म्हणून सांगते.

पहिलं, पाकीट. ‘ग्लास नूडल्स’ या नावाखाली काहीही विकलं जातं, तांदळाच्या शेवयासुद्धा. पुढचं चित्र बघू नका, मागची घटकद्रव्यं वाचा. ‘रताळ्याचा स्टार्च’ पहिल्या नंबरवर हवा. तांदळाची शेवई शिजल्यावर पांढरी राहते, ही काचेसारखी होते. एवढा फरक पुरे.

दुसरं, सोया सॉस. चायनीजच्या गाडीवर मंच्युरियनमध्ये पडतो तो काळाकुट्ट सॉस अनेकदा कॅरॅमलच्या रंगाचा आणि व्हिनेगरचा असतो. तो घातला की जापचे आंबट आणि काळं होतं. माझं दुसरं जापचे असंच गेलं. कोरियन सॉस महिनोन्महिने आंबवलेला असतो. बाटलीवर सोयाबीन, गहू, पाणी, मीठ एवढंच असेल आणि ‘नॅचरली ब्रूड’ लिहिलेलं असेल, तर ती घ्या. जळगाव-भुसावळच्या मोठ्या दुकानांत विचारून बघा, नाहीतर नूडल्सबरोबरच मागवा. पैसे कुठे घालायचे असा प्रश्न आला तर इथे घाला, कारण निम्मी चव या बाटलीत आहे.

तिसरं, तिळाचं तेल. आपल्याकडे ‘तिळाचं तेल’ मागितलं की दुकानदार विचारतो, “दिव्याला पाहिजे का?” दिव्याचं तेल खाण्यासाठी नसतं. बाटलीवर तसं लिहिलेलं असतं, ते वाचा आणि ती बाटली परत ठेवा. खाण्याचं तिळाचं तेल मिळालं तरी ते कच्च्या तिळाचं असतं, फिकट आणि जवळजवळ बिनवासाचं. कोरियन तेल भाजलेल्या तिळाचं, गडद तपकिरी असतं. यावर घरचा उपाय आहे. तीन मोठे चमचे तीळ मंद आचेवर चांगले बदामी होईस्तोवर भाजा, ओबडधोबड कुटा, अर्धी वाटी खाण्याच्या तिळाच्या तेलात घालून तेल हलकं गरम करा आणि तासभर झाकून ठेवा. गाळलं की काम झालं. हे तेल फोडणीला घ्यायचं नाही, जाळलं की कडू होतं. ते शेवटी वरून.

जापचे : चौघांसाठी

लागेल ते : डांगम्यॉन पाव किलो, एक कांदा, एक मोठं गाजर, एक ढोबळी मिरची, पालकाची एक जुडी, मिळाले तर आठ-दहा मशरूम, चालत असेल तर दोन अंडी. सॉससाठी सोया सॉस चार मोठे चमचे, साखर दोन मोठे चमचे, वर सांगितलेलं तेल दोन मोठे चमचे, लसणाच्या तीन ठेचलेल्या पाकळ्या, मिरपूड, भाजलेले तीळ.

१. सगळ्या भाज्या बोटभर लांब, पातळ चिरा. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून काढा, गार पाण्यातून घट्ट पिळा, थोडं मीठ आणि तेल लावून ठेवा. अंड्यांची पातळ पोळी करून तिच्या पट्ट्या कापा.

२. प्रत्येक भाजी वेगळी परता. आधी कांदा, मग गाजर, मग ढोबळी मिरची, शेवटी मशरूम. प्रत्येकीला चिमूटभर मीठ. कंटाळा येतो, मला कळतं. पण सगळं एकदम टाकलं की पाणी सुटतं आणि चायनीजच्या गाडीवरची भाजी होते. जापचेची खरी कृती हीच आहे. प्रत्येक भाजीचा रंग आणि चावा वेगळा राहिला पाहिजे.

३. नूडल्स भरपूर उकळत्या पाण्यात सहा ते आठ मिनिटं शिजवा. एक तार काढून चावून बघा. मधे पांढरा कडक ठिपका राहिला नाही की झालं. लगेच चाळणीत ओता आणि गार पाण्याने धुवा. मे महिन्यात आपल्या नळाचं पाणी गार नसतंच, म्हणून माठातलं घ्या. आणि हे धुतलेलं पाणी सिंकमध्ये जाऊ देऊ नका. खाली पातेलं ठेवा, झाडांना घाला. पाणी किती दिवसांनी येतं हे बोदवडकरांना मी सांगायला नको.

४. नूडल्स कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापा. एक चमचा सोया सॉस आणि एक चमचा तेल लावून ठेवा. हे विसरलात तर त्याचा गोळा होईल.

५. कढईत लसूण जरा परता, नूडल्स आणि उरलेला सॉस-साखर घाला. मध्यम आचेवर सॉस मुरून तारा चमकायला लागेपर्यंत हलवा. गॅस बंद करा, सगळ्या भाज्या, अंडं, उरलेलं तेल, मिरपूड आणि तीळ घालून हाताने मिसळा. कोमट किंवा गार, दोन्ही छान लागतं. डब्यालाही नेता येतं.

तिसऱ्या वेळी हे जमलं. पप्पांनी दोनदा घेतलं. आजीने चव घेऊन “गोड आहे, वंगाळ नाही” असं प्रमाणपत्र दिलं आणि शेजारी ठेच्याची वाटी ओढली. मी काही बोलले नाही. कोरियातही जेवणाच्या ताटाशेजारी किमची लागतेच की!

मग कुरडईचं करून पाहिलं

डांगम्यॉन संपले होते आणि डोक्यात मम्मीचं वाक्य होतं. घरच्या डब्यातल्या कुरडया गरम पाण्यात पाच-सात मिनिटं भिजवल्या, अलगद निथळल्या आणि वरच्याच कृतीने केल्या. सोया सॉस निम्मा केला, कारण कुरडईत मीठ असतं.

खरं सांगू? ते जापचे झालं नाही. तार तुटत होती, उसळी नव्हती, मागे आंबूस चव येत होती. पण पदार्थ म्हणून तो वाईट नव्हता. आपल्याकडे कांदा घालून कुरडईची भाजी करतातच, ही तिची तीळ-सोयावाली आवृत्ती झाली. मी तिला जापचे म्हणणार नाही, कुरडईची भाजी म्हणेन. जसं काड्यांशिवायच्या भरिताला आपण भरीत म्हणत नाही, तसंच. दुसऱ्याच्या पदार्थाचा मान ठेवायचा, तर एवढा प्रामाणिकपणा हवा.

आपल्या वाळवणाला नाव कोण देणार?

खरा प्रश्न मला यानंतर पडला. मी अर्ध्या किलो कोरियन तारेला ४१० रुपये दिले. आमच्या गल्लीतल्या काकू उन्हाळाभर कुरडया करून विकतात. त्यांचा पूर्ण किलो त्याहून स्वस्त जातो. तीन दिवसांचं भिजवणं, पहाटेची शेगडी, पोळलेले हात, सगळं त्यात आलं. आणि गिऱ्हाईक त्यावरही घासाघीस करतं. मीसुद्धा केली आहे. कोरियन पाकिटाशी मात्र मी घासाघीस केली नाही.

कोरियाकडून शिकण्यासारखं मला वाटतं ते इथे आहे. तिथे २००९ साली सरकारने कोरियन जेवण जगभर नेण्याची मोहीमच हाती घेतली. २०१३ मध्ये थंडीच्या तोंडावर बायकांनी एकत्र जमून किमची घालण्याच्या परंपरेला युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली. डिसेंबर २०२४ मध्ये सोयाबीनपासून सॉस आणि पेस्ट आंबवण्याच्या घरगुती रीतीलाही मिळाली. जरा विचार करा, ही दोन्ही कामं म्हणजे काय? ऋतू बघून, शेजारणींना बोलावून, वर्षभराची बेगमी करणं. आपल्या भाषेत, वाळवण. कोरियाने त्याला वारसा म्हटलं, त्याच्या गोष्टी मालिकांमधून सांगितल्या आणि मग त्या गोष्टींमागून पाकिटं आली. आपण त्याला ‘बायकांची उन्हाळ्याची कामं’ म्हणतो.

कच्चा माल तर आपल्याकडे ढीगभर आहे. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३ रुपयांच्या आसपास. तोही पदरात पडेल याची शेतकऱ्याला खात्री नसते. त्याच सोयाबीनचा आंबवलेला सॉस आपण छोट्या बाटलीत कितीतरी पट भावाने विकत आणतो. स्टार्च आपल्याला नवा नाही. धुळे जिल्ह्यात दोंडाईचाला मक्यापासून स्टार्च काढणारा युनिव्हर्सल स्टार्च-केम अलाइडचा कारखाना कित्येक दशकं चालू आहे. चीक काढायला येणाऱ्या बायका तर प्रत्येक गल्लीत आहेत.

सरकारी मदतीचं दारही आहे. छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांसाठी २०२० साली केंद्राची ‘पीएमएफएमई’ योजना सुरू झाली. त्यात कर्जाशी जोडलेलं ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. ‘एक जिल्हा, एक उत्पादन’मध्ये जळगावच्या वाट्याला केळी आली आहेत, ते योग्यच. पण अनुदानाने यंत्र येतं, गिऱ्हाईक येत नाही. गिऱ्हाईक येतं ते गोष्टीमागून. आणि गोष्ट सांगायचं काम बावीस वर्षांच्या, दिवसभर रील बघणाऱ्या आपल्या पिढीला नक्की जमतं. आपण ती आजवर दुसऱ्यांचीच सांगत आलो, एवढंच.

म्हणून जापचे जरूर करा. मालिका बघत खा, मैत्रिणींना बोलवा, “गावात राहून कसले कोरियन चाळे” म्हणणाऱ्यांना एक घास द्या. जगाची चव घ्यायला पुण्यालाच राहावं लागतं असं नाही. फक्त पुढच्या एप्रिलमध्ये गच्चीवर चादरी पसरल्या जातील, तेव्हा मोबाइल घेऊन वर जा. चीक कसा घोटतात, तार तुटू नये म्हणून आधणाचा अंदाज कसा घेतात, विचारून ठेवा. आमच्या आजीला तो अंदाज हाताला ठाऊक आहे, मम्मीला निम्मा, मला अजिबात नाही.

यंदा मी काकूंकडून दोन किलो कुरडया सांगून ठेवल्या आहेत. भाव विचारला नाही. आणि मम्मीने परवा मला विचारलं, “तुझं ते कोरियावालं परत कधी करशील? त्या तिळाच्या तेलाचा वास मस्त येतो.” पाकीट मागवलंय. आठ दिवसांत पोचेल.